चकती गेली, रीत राहिली

लासलगावचे नाव घेतले की कांदा आठवतो, आणि ते रास्तच आहे. निफाड तालुक्यातले हे गाव मुंबई–भुसावळ लोहमार्गावरचे. १९४७ साली इथे बाजार समिती स्थापन झाली आणि पुढे आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ अशी तिची ख्याती झाली. पण बाजार नुसत्या मालावर चालत नाही, तो नोंदीवर चालतो. ट्रॅक्टरची आवक, लिलावात पुकारलेला भाव, भुईकाट्यावरचे वजन, काटापट्टी, हिशोबपट्टी आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम या साखळीतली एक कडी निखळली, तरी सगळा व्यवहार वादात सापडतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या नोंदी वहीतून संगणकात गेल्या आणि लासलगावसारख्या बाजारगावांत एक नवी रीत रुजली. ती म्हणजे संगणकात कार्यप्रणाली नव्याने बसवण्याची. दुकानाच्या भाषेत ‘विंडोज मारण्याची’. या रीतीकडे इतिहास म्हणून सहसा कोणी पाहत नाही, पण ती पाहण्याजोगी आहे. माझे म्हणणे असे की ही रीत दोन मुळांतून वाढली. एक मूळ यंत्राच्या मर्यादेत होते, दुसरे नोंदीच्या किमतीत. हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी आली आणि पहिले मूळ सुकले. दुसरे आजही जिवंत आहे. प्रत्यक्षात मात्र उलटेच घडत गेले. यंत्रापायी लागलेल्या सवयी आपण जपून ठेवल्या आणि नोंदीपायी लागलेली शिस्त वेगाच्या भरात सोडून दिली.

यंत्राची मर्यादा म्हणजे काय, हे समजण्यासाठी हार्ड डिस्कच्या पोटात डोकवावे लागते. १९५६ साली आयबीएमने ‘रॅमॅक’ नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्या सगळ्या मिळून जेमतेम ५ मेगाबाइट माहिती साठवत. पुढच्या पन्नास वर्षांत चकत्या तळहाताएवढ्या झाल्या आणि साठवण लाखो पटींनी वाढली, पण मूळ रचना तीच राहिली: चकती फिरते, तिच्यावर एक हात सरकतो आणि हव्या त्या जागेपाशी थांबून वाचतो किंवा लिहितो. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या चकतीला अर्धी फेरी घ्यायला सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात, लॅपटॉपमधल्या ५,४०० फेऱ्यांच्या चकतीला सुमारे ५.६. त्यात हात सरकण्याचा वेळ मिळवला, तर विखुरलेल्या माहितीचे सेकंदाला शंभरएक तुकडे वाचले गेले तरी पुष्कळ. प्रोसेसर कितीही तल्लख असो, त्याला या हाताची वाट पाहत बसावे लागे. कार्यप्रणाली सुरू होताना तर हजारो छोट्या फायली इकडून तिकडून गोळा कराव्या लागतात. सकाळी संगणक चालू करून चहा प्यायला जाण्याची कार्यालयांतली पद्धत याच चकतीने लावली.

या मर्यादेभोवती बसवण्याची रीत कशी घडली, ते विंडोज एक्सपीच्या काळात स्पष्ट दिसते. ही प्रणाली २००१ साली आली. त्याच साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा (एमकेसीएल) एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम पुढे गावोगावच्या केंद्रांत पोचला आणि सरकारी नोकरीसाठी तो लागू लागल्यावर संगणक बाजारगावांच्या ओळखीचा झाला. बसवणाऱ्याचा क्रम ठरलेला असे. सीडीवरून संगणक सुरू करायचा, निळ्या पडद्यावर एफ-८ दाबून करार मान्य करायचा, डिस्कचे भाग पाडायचे आणि ‘सी’ फॉरमॅट करायचा. मग पडद्यावर ३९ मिनिटे उरल्याची सूचना येई, मध्येच २५ अक्षरांची किल्ली टाकावी लागे आणि ती ३९ मिनिटे बऱ्याचदा तासाभराची होत. त्यानंतर मदरबोर्डची सीडी शोधून आवाजाचा, पडद्याचा, नेटवर्कचा ड्रायव्हर घालायचा. शेवटी प्रिंटर आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर. यातल्या प्रत्येक पायरीला कारण होते. ‘सी’ लहान ठेवला जाई, कारण डिस्कचा पहिला भाग चकतीच्या बाहेरच्या कडेला येतो आणि तिथे एका फेरीत जास्त माहिती हाताखालून जाते. शिवाय भाग लहान असला की हाताला फार लांब सरकावे लागत नाही. दर काही महिन्यांनी डीफ्रॅग चालवत, कारण विखुरलेली फाइल एका ओळीत आणली की हाताच्या फेऱ्या वाचत. आणि वर्षातून एकदा सगळे पुसून नव्याने बसवत, कारण साचलेल्या गाळामुळे हाताची धावपळ वाढे आणि यंत्र रखडे. या सवयींना अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. चकतीचा स्वभाव ओळखून कारागिरांनी काढलेली ती वाट होती.

दुसरे मूळ मात्र चकतीशी बांधलेले नव्हते. ‘डी’ हा वेगळा भाग केवळ वेगासाठी पाडला जात नसे. पेनड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसाने विंडोज बिघडली, तर ‘सी’ बिनधास्त पुसता यावा आणि ‘डी’मधले हिशेब शाबूत राहावेत, ही त्यामागची मुख्य काळजी होती. काम हाती घेण्यापूर्वी ‘डेस्कटॉपवर काही आहे का, माय डॉक्युमेंट्समध्ये काही आहे का’ असे विचारणे हा चांगल्या कारागिराचा पहिला प्रश्न असे. मराठी मजकुराने ही काळजी आणखी वाढवली. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम अशा प्रणालींच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर रोमन अक्षरे आणि चिन्हांच्या गर्दीसारखा दिसे. फॉरमॅट केल्यावर फॉन्ट परत घातला नाही, तर ठराव, नोटिसा, पत्रव्यवहार सगळे असूनही नसल्यासारखे होई. एक्सपीत युनिकोडची देवनागरी होती, पण ती आपोआप चालू होत नसे. भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन खूण करावी लागे आणि सीडी पुन्हा मागितली जाई. म्हणून जाणता कारागीर आधी फॉन्टचे फोल्डर ‘डी’वर उतरवून घेई आणि मगच सीडी घाली. वीज हे तिसरे संकट. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दिवसाला बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले. लिहिता लिहिता वीज गेली की फाइल अर्धवट राही आणि पुढच्या वेळी संगणक डिस्क तपासत बसे. दिवसअखेर नोंदींची प्रत सीडीवर किंवा दुसऱ्या डिस्कवर काढण्याची शिस्त जिथे लागली, तिथे ती या धास्तीने लागली.

आता एसएसडीकडे येऊ. तिच्यात फिरणारे काहीच नाही. तोशिबातील फुजिओ मासुओका यांच्या संशोधनातून १९८०च्या दशकात फ्लॅश स्मृती जन्माला आली. १९९१ साली सनडिस्क (आजची सॅनडिस्क) या कंपनीने २० मेगाबाइटची एसएसडी तयार केली; तिची किंमत हजार डॉलरच्या घरात होती. सामान्य ग्राहकापर्यंत ती पोचायला जवळपास वीस वर्षे गेली. २००९ साली आलेल्या विंडोज ७ने एसएसडी ओळखून तिला कोणती जागा मोकळी झाली ते कळवायला सुरुवात केली. या आज्ञेचे नाव ‘ट्रिम’. २०११ साली एनव्हीएमई हा नवा संवाद-नियम आला आणि साटा तारेची सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटची मर्यादा ओलांडून तीन-साडेतीन हजार मेगाबाइटपर्यंत मजल गेली. २०१८-१९च्या सुमारास २४० जीबीची साधी साटा एसएसडी दोन-अडीच हजार रुपयांच्या आसपास मिळू लागली, आणि तालुक्याच्या बाजारपेठांतला बदल खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला. दहा वर्षांचा जुना, मोडीत काढायला निघालेला संगणक एवढ्या खर्चात अर्ध्या मिनिटात सुरू होऊ लागला. विखुरलेली माहिती वाचण्याचा तिचा वेग चकतीच्या शेकडो पटींनी जास्त आहे आणि रोजच्या कामात जाणवतो तो हाच वेग. साध्या साटा एसएसडीनंतर महागडी एनव्हीएमई घातली, तर हिशेब लिहिणाऱ्याला पूर्वीइतका मोठा फरक दिसत नाही. मोठी उडी चकती सोडण्यातच होती.

डिस्क बदलली, पण हात जुन्या वळणानेच चालत राहिले. डीफ्रॅगचेच घ्या. एसएसडीत कुठलाही तुकडा कुठेही असला तरी वाचायला सारखाच वेळ लागतो. तिथे फायली ओळीत लावत बसणे म्हणजे विनाकारण लिहून तिची झीज करणे. विंडोज ८पासून त्या जागी आलेली ‘ऑप्टिमाइझ’ची सोय एसएसडीला मुख्यतः ट्रिम पाठवते, म्हणून ती आहे तशी चालू राहू द्यावी. बाहेरून आणलेल्या डीफ्रॅगच्या साधनांची गरज संपली. ‘सी’ लहान ठेवण्याचेही तसेच. २४० जीबीत ५० जीबीचा ‘सी’ पाडला, तर अद्ययावतीकरणांनी तो वर्षभरात भरतो आणि शेजारी जागा रिकामी असूनही यंत्र अडते. जुन्या तयार प्रतिमेवरून, म्हणजे घोस्टवरून, प्रणाली उतरवण्याची सवय तर थेट नुकसानीची. एक्सपी पहिला भाग ६३व्या सेक्टरपासून सुरू करत असे. एसएसडीची पाने ४ किलोबाइटच्या पटीत असल्याने ती सुरुवात पानाच्या मध्येच येते आणि एका पानाच्या लिखाणासाठी दोन पानांना हात लावावा लागतो. आणखी एक चूक वारंवार होते: जुनी हार्ड डिस्क जागेवर ठेवून एसएसडीवर विंडोज बसवणे. दोन्ही जोडलेल्या असल्या, तर प्रणाली नव्या डिस्कवर जाते, पण संगणक सुरू करणारा छोटा भाग जुन्या डिस्कवरच राहू शकतो. सहा महिन्यांनी जुनी डिस्क बंद पडली की धडधाकट एसएसडी असूनही संगणक उठत नाही. म्हणून बसवताना एकच डिस्क जोडावी. प्रणाली सुरू होण्याआधीच्या (बायोसच्या) सेटिंगमध्ये यूईएफआय आणि एएचसीआय हे पर्याय निवडावेत. एसएसडी कोरी असल्याची खात्री करून तिच्यावरचे सगळे भाग पुसावेत आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवून पुढे जावे. लागणारे छोटे भाग प्रणाली स्वतःच योग्य ठिकाणी पाडते. ३९ मिनिटांचे काम दहा-पंधरा मिनिटांत उरकते.

हा वेग हेच नोंदीच्या शिस्तीवरचे संकट झाले. हार्ड डिस्क मरण्यापूर्वी बहुधा कुरकुरते, रखडते, आवाज करते. माहिती काढून घ्यायला थोडी सवड देते. एसएसडी पुष्कळदा काहीही न सांगता एका क्षणात गप्प होते. चकतीवर चुकून पुसलेली फाइल जाणकार परत मिळवू शकत, कारण पुसणे म्हणजे फक्त पत्ता खोडणे असे. एसएसडीत ट्रिम झाल्यावर ती जागा आतून खरोखर मोकळी होते आणि फाइल परत मिळण्याची आशा जवळजवळ संपते. विंडोज ११च्या अलीकडच्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नवी प्रणाली बसवली, तर अनेक यंत्रांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. खाते विसरले आणि त्याची किल्ली हाताशी नसली, तर मालकालाही आत जाता येत नाही. याचा अर्थ, जुन्या यंत्रात प्रत ठेवणे ही सावधगिरी होती, नव्या यंत्रात ती एकमेव वाट आहे. आणि नोंदीची किंमत लासलगाव परिसराला वेगळी सांगावी लागत नाही. २०२३ साली भाव कोसळल्यावर राज्य सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, प्रत्येक शेतकऱ्याला २०० क्विंटलच्या मर्यादेत, अनुदान जाहीर केले. त्यासाठी विक्रीची पट्टी आणि पीकनोंद असलेला सातबारा मागितला गेला. पूर्ण मर्यादेपर्यंत माल विकलेल्या शेतकऱ्यासाठी त्या नोंदींचे मोल ७० हजार रुपये होते. नोंदणीकृत व्यापाऱ्यालाही वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. दहा मिनिटांत प्रणाली बसवून देणाऱ्याने ‘आधी प्रत काढली का’ हा प्रश्न वगळला, तर वाचलेल्या अर्ध्या तासाची भरपाई सहा वर्षांच्या हिशेबांनी करावी लागेल.

यावर काही आक्षेप येतील आणि ते विचारात घ्यायला हवेत. पहिला आक्षेप झिजेचा: एसएसडीवर ठरावीक मर्यादेपर्यंतच लिहिता येते, मग तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा? मर्यादा आहे हे खरे. पण २४०-२५० जीबीच्या साध्या एसएसडीलाही साधारण ८० ते १५० टेराबाइट लिखाणाची हमी असते. दुकानातल्या किंवा कार्यालयातल्या संगणकाने रोज २० जीबी लिहिले असे धरले, तरी वर्षाला ७.३ टेराबाइट होतात. म्हणजे कमीत कमी हमीही दहा वर्षांहून अधिक पुरते. या भीतीपोटी जुनी डिस्क धरून बसण्यात अर्थ नाही. दुसरा आक्षेप असा की आता सगळे इंटरनेटवर आहे. अ‍ॅगमार्कनेटवर २००० सालापासून बाजारभाव जाऊ लागले, २०१६ साली ई-नाम आले, सातबारा ऑनलाइन मिळतो. मग गावातल्या डिस्कची चिंता कशाला? पण वर जाते ती बहुतेक बेरीज: आवक, किमान भाव, कमाल भाव, सरासरी. कोणत्या ट्रॅक्टरला काय भाव लागला, कोणाचे किती देणे राहिले, हा तपशील अनेक पेढ्यांवर आजही टेबलाखालच्या संगणकातच असतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: जुन्या रीती चुकीच्या ठरल्या, तर ‘डी’ भागही सोडावा का? इथे दोन्ही मुळे एकाच फांदीला येऊन मिळतात. वेगासाठी ‘डी’ची गरज उरलेली नाही. माहिती वेगळी ठेवण्यासाठी त्याचा उपयोग अजून आहे, पण एकाच डिस्कवरचा ‘डी’ ही प्रत ठरत नाही. एसएसडी गेली तर ‘सी’बरोबर ‘डी’ही जातो. पूर्वीची काळजी आता दुसऱ्या डिस्कवर न्यावी लागेल आणि त्यासाठी काढून ठेवलेली जुनी हार्ड डिस्क, ती निरोगी असेल तर, उत्तम आहे. वीज न देता वर्षानुवर्षे पडून राहण्याच्या बाबतीत ती एसएसडीपेक्षा अधिक विश्वासाची.

यंत्राची सवय आणि व्यवहाराची शिस्त वेगळी काढता येते, याचा पुरावा लासलगावच्या बाजारातच आहे. बैलगाड्या गेल्या, ट्रॅक्टर आणि पिकअप आले. १९३९च्या मुंबई कायद्याखाली सुरू झालेल्या समित्यांना १९६३चा महाराष्ट्राचा कायदा लागू झाला. जुलै २०१६मध्ये फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला, आणि त्याच वर्षीच्या नोटबंदीनंतर रोखीच्या जागी धनादेश व बँक खाते पुढे आले. इतके बदलूनही वाहनांच्या रांगेतून फिरत, सर्वांसमक्ष बोली लावून होणारा लिलाव टिकला, कारण तो बैलगाडीच्या सोयीसाठी जन्मला नव्हता. भाव उघडपणे ठरावा यासाठी जन्मला होता. नवे तंत्र आले म्हणून जुने सगळे टाकावे लागत नाही, हेही इथेच दिसते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२पासून लासलगावात आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत हा त्याचा एक मुख्य हेतू होता. २००७ साली अमेरिकेला आंबे गेले तेही तिथल्या विकिरणानंतर. तरीही शेतकरी उन्हाळ कांदा आजही हवेशीर चाळीत ठेवतो, कारण चाळ त्याच्या बांधावर आणि त्याच्या खर्चात बसते. जे कारण टिकते, ती रीत टिकते. जे कारण संपते, ती रीत नुसते ओझे होते. संगणकाच्या बाबतीतही हीच कसोटी लावायला हवी.

ही कसोटी लावण्याची वेळ आताच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची सर्वसाधारण मदत संपली. विंडोज ११ टीपीएम २.० या सुरक्षा चिपसारख्या अटी घालते आणि पेढ्या, सोसायट्या, शाळा, ग्रामपंचायती यांच्याकडची अनेक जुनी यंत्रे त्यांत बसत नाहीत. पुढच्या काळात गावोगावी प्रणाली नव्याने बसवल्या जातील: कुठे नवे यंत्र घेऊन, कुठे जुन्या यंत्रात एसएसडी घालून लिनक्स चढवून. भेसळीच्या चोरट्या प्रती या वेळी तरी टाळाव्यात. ज्या यंत्रावर लोकांचे हिशेब आहेत, तिथे अद्ययावतीकरण न मिळणारी प्रणाली ठेवणे बेजबाबदारपणाचे आहे. कारागिराने डीफ्रॅग, इवलासा ‘सी’ आणि जुनी घोस्ट प्रतिमा खुशाल विसरावी. मालकाने मात्र डिस्कला हात लावू देण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात: हिशेबांची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरली आहे, ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडते आहे, आणि जुन्या मराठी मजकुराचे फॉन्ट तिच्यासोबत आहेत. एवढे झाल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये.